सात वाजून एकोणसाठ मिनिटं, साठ सेकंद

बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाच उशीर झाला, आणि तोही एका सेकंदाचा. त्या सेकंदाची मूळ जबाबदारी पृथ्वीवर आहे, असं मी कार्यालयाला लेखी कळवलेलं आहे. त्याची पोचही माझ्याकडे आहे.

झालं असं, की जून महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी आमच्या समोरच्या दाराचे मास्तर वर्तमानपत्राची घडी हलवत घरात शिरले. हे मास्तर तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले. म्हणजे पगार थांबला, शिकवणं चालूच आहे. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्या जगाच्या वेळेत एक सेकंद जास्तीचा घालणार आहेत. वाचलंत का?"

"कोण घालणार? आणि कशाला?" मी विचारलं.

"पृथ्वीमुळे," मास्तर म्हणाले. आमच्या पृथ्वीने काहीतरी व्रात्यपणा केला असावा, असा त्यांचा सूर होता. "ती स्वतःभोवती फिरते ना, ती घड्याळाबरहुकूम फिरत नाही. जराशी रेंगाळते. शास्त्रज्ञांची अणूवर चालणारी घड्याळं मात्र रेंगाळत नाहीत. मग ती जातात पुढे, ही राहते मागे. फरक फार वाढायला लागला की जगभरच्या घड्याळांत एक सेकंद वाढवतात आणि हिला बरोबर घेतात. त्याला लीप सेकंद म्हणतात. जिथून जगाची वेळ मोजतात तिथे तेव्हा मध्यरात्र असेल. मायदेशात पहाटेचे साडेपाच, पण आपण इथे त्याच्या अडीच तास पुढे, म्हणून आपल्याकडे सकाळचे आठ वाजायला आलेले असतील. पण सात वाजून एकोणसाठ मिनिटं एकोणसाठ सेकंद झाले, की लगेच आठ वाजायचे नाहीत. आधी सात, एकोणसाठ, साठ. आणि मग आठ."

आठ म्हटल्यावर मी सावरून बसलो. कारण आठ हा माझ्या आयुष्यातला आकडा आहे. आमचं कार्यालय आठला सुरू होतं. दारातच भिंतीवर हजेरीचं मशीन आहे. आठच्या आधी कार्ड लावलं तर हिरवा दिवा, आठ वाजले की लाल. बावीस वर्षांत मी लाल दिव्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. हे मी सांगतो म्हणून नव्हे, तर पुढच्या महिन्यात कार्यालयाच्या वर्धापनदिनाला 'एकही लाल शेरा नसलेला कर्मचारी' म्हणून माझा फोटो जिन्यासमोरच्या भिंतीवर लागायचा होता. फोटो काढून झाला होता, चौकटीत बसवून झाला होता, साहेबांच्या कपाटावर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. फोटोत मी मनगट जरा पुढे धरलं आहे, घड्याळ दिसावं म्हणून.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ते हजेरीचं मशीन चार मिनिटं मागे होतं. पहिलं मशीनही मागे होतं, ते बदलून आणलेलं दुसरंही मागेच. माझ्या घड्याळात सात अठ्ठावन्न, तर मशीनवर सात चोपन्न. मी याबद्दल प्रशासनाला दोन अर्ज केले होते. माझा मोबाइलही चार मिनिटंच मागे होता. या दोघांचं आतून काहीतरी साटंलोटं असणार, असं माझं मत होतं, म्हणून मी मोबाइलवर वेळ बघत नसे.

"मग आपली घड्याळंही उद्या एक सेकंद थांबवायला हवीत," मी म्हणालो.

"हवीत ना," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मान वर करून आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं. "पण तुमचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे की हो!"

हे मात्र खरं होतं. आमच्या घरात वेळ विचारली की उत्तर वजाबाकी करून मिळतं. स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे, कारण हिला सकाळची घाई त्यावर जमते. न्हाणीघराबाहेरचं सात मिनिटं पुढे, ते मुलीसाठी. आईच्या उशाशी असलेलं वीस मिनिटं पुढे, कारण औषधाची वेळ झाली की आईला आधी वीस मिनिटं औषध नको म्हणायचं असतं. सगळ्यांना आपापली वजाबाकी पाठ. पण मास्तरांसमोर मला शरम वाटली. सगळं जग एका सेकंदाचा हिशेब करतंय आणि माझ्या घरात, माझ्यासारख्या माणसाच्या घरात, बारा मिनिटांची अंदाधुंदी! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आज घरातली सगळी घड्याळं सेकंदाबरहुकूम लावली जातील.

"अहो, राहू द्या ना," ही म्हणाली. "सगळ्यांना सवय झालीय."

"सवय खोट्या वेळेची आहे," मी म्हणालो.

मी स्टुलावर चढलो. मास्तरांनी फोनवर नेमकी वेळ सांगणारी ती बाई लावली, तिच्या प्रत्येक ठोक्याला ते "हां!" म्हणून ओरडत होते. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन खाली आला. त्याने सगळं समजून घेतलं आणि सल्ला दिला, "सोपं आहे साहेब. उद्या आठला सेल काढायचा, एक सेकंद थांबायचं, सेल घालायचा." म्हणून आम्ही रंगीत तालीम घेतली. सेल काढला, तो हातातून निसटून फ्रिजखाली गेला. फ्रिज हलवेपर्यंत एकाऐवजी अकरा मिनिटं गेली. पुन्हा ती बाई, पुन्हा "हां!" शेवटी असं ठरलं, की सेल काढायचाच नाही. प्रत्येकाने एकेका घड्याळापाशी उभं राहायचं आणि आठ वाजायला आले की सेकंदकाटा बोटाने एक क्षण धरायचा. स्वयंपाकघरातलं हिच्याकडे, बाहेरचं मुलीकडे, उशाचं आईकडे.

"एक सेकंद म्हणजे किती रे?" आईने विचारलं.

"'एक हजार एक' म्हणायला लागतो तेवढा."

आईने 'एक हजार एक' म्हणून पाहिलं. तिला त्यात चार सेकंद लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, आजीच्या खोलीत उद्यापासून वेगळा देश."

सगळ्यात शेवटी मी माझं मनगटी घड्याळ त्या बाईशी ताडून पाहिलं. ते चार मिनिटं पुढे निघालं! मला धक्काच बसला. पण लगेच लक्षात आलं, की घड्याळ म्हातारं झालंय, अलीकडेच पळायला लागलं असणार. मी किल्ली ओढली, तेवढ्यात हिने माझा हात धरला. "त्याला तरी नका हो हात लावू."

"का?"

"उगीच. चांगलं चाललंय."

बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी मनात म्हणालो आणि घड्याळ त्या बाईच्या ठोक्याला लावलंच. हे वाक्य मी तोंडाने बोललो नाही, ही त्या संध्याकाळची माझ्या हातून झालेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं घर, घराच्या इतिहासात पहिल्यांदा, अचूक वेळेवर जागं झालं आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. हिने स्वयंपाकघरातल्या घड्याळात सात दहा पाहिले, सवयीने बारा मिनिटं वजा केली आणि अजून सातही वाजले नाहीत म्हणून निवांत भाजी निवडायला घेतली. मुलीने न्हाणीघरात शिरताना सात मिनिटं वजा केली, आणि वरचा मजला गळायला लागेल इतकं गाणं म्हटलं. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा. आई आपल्या उशाच्या घड्याळाकडे बघत मला म्हणाली, "बस रे जरा, अजून खूप वेळ आहे." घरात चार माणसं आणि चार वेगवेगळ्या वेळा. खरी वेळ फक्त भिंतीवर होती आणि तिच्याकडे बघून तिच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं.

मी रोज माझ्या घड्याळात सात पस्तीस झाले की निघतो. त्या दिवशी चहा समोर आला तेव्हाच सात एकोणचाळीस झाले होते. सात बेचाळीसला मी जिना उतरलो, डबा विसरून. रस्ता तेवीस मिनिटांचा आहे. मी तो अठरा मिनिटांत तुडवला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस बगलेत फाइल घेऊन धावतो, तेव्हा रस्त्यावरची माणसं वाट देत नाहीत, थांबून बघतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर वस्तरा हवेत धरून विचारलं, "काय झालं? कुणाला बरं नाही का?" मी पळता पळता "सेकंद!" एवढंच ओरडलो. त्याला काय समजलं कोण जाणे, त्याने गिऱ्हाइकाला तसंच टाकून माझ्यामागे चार पावलं धाव घेतली.

कार्यालयाचं दार ढकललं, कार्ड पुढे केलं, मशीनने 'टुक' केलं आणि दिवा लागला. लाल.

खालून चिठ्ठी आली. तिच्यावर छापलं होतं, 08:00:00.

मी धापा टाकत त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीनला त्या जादा सेकंदाची कुणी खबरच दिली नव्हती! सात एकोणसाठ एकोणसाठनंतर ते थेट आठवर गेलं. पण ज्या सेकंदाला मशीन आठ म्हणत होतं, तो खरा सात एकोणसाठ साठ होता. म्हणजे मी आठच्या आत होतो. पूर्ण एक सेकंद आत!

मी मशीनला हे मोठ्याने समजावून सांगत असतानाच आमचे सव्वाआठ आले. हे आमच्याच विभागातले. रोज न चुकता सव्वाआठला येतात म्हणून त्यांचं नाव सव्वाआठ पडलं आहे. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी वाचली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "या. सुरुवातीला जड जातं." बावीस वर्षं या माणसाला मी वक्तशीरपणावर व्याख्यानं दिली होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. तीन पानं झाली. पहिल्या पानावर पृथ्वी, दुसऱ्यावर अणू, तिसऱ्यावर मी. शेवटी लिहिलं, 'पृथ्वीसारख्या जबाबदार ग्रहास उशीर होतो तेव्हा सर्व जगाची घड्याळे तिच्यासाठी थांबवली जातात. सदर अर्जदार स्वतःसाठी काहीही थांबवण्याची विनंती करीत नसून, जे आधीच थांबले होते त्याची नोंद व्हावी इतकेच मागत आहे.' मशीन बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं गेलं. त्याने लिहून दिलं की मशीन एरवी अचूक आहे, पण जादा सेकंद त्यात घातलेला नव्हता, हे खरं. मशीन अचूक आहे म्हणजे माझे जुने दोन अर्ज प्रशासनाने अखेर वाचलेले दिसतात, अशी मी मनात नोंद केली.

साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी कपाटावरच्या माझ्या फोटोच्या पाठीकडे पाहिलं आणि अर्जावर 'मंजूर, वेळ दुरुस्त करावी' असा शेरा मारला. मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो आणि संगणकावरच्या बाईंसमोर कागद ठेवला.

बाईंनी तास घातला, सात. मिनिटं घातली, एकोणसाठ. सेकंद घातले, साठ. संगणक खेकसला.

"साठ घेत नाही," बाई म्हणाल्या. "शून्य ते एकोणसाठच घेतो."

"पण त्या दिवशी साठ होता!"

"त्या दिवशी असेल. यात नाही."

"मग एकोणसाठ घाला."

"अर्जात साठ लिहिलंय. मंजुरी साठाला आहे. मी एकोणसाठ कशी घालू? उद्या तपासणी आली तर खोटी नोंद कुणाच्या नावावर?" बाईंचंही बरोबर होतं. इथे घोडं अडलं. शेवटी त्या म्हणाल्या, "असं करते, चुकीची नोंद आधी काढून टाकते. नवीनचं वरून विचारून घेऊ." मी त्यांचे दोनदा आभार मानले. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तीन आठवडे मी सुखात होतो. खबरदारी म्हणून सातलाच घर सोडत होतो आणि फाटक उघडेपर्यंत पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून त्याला लीप सेकंद समजावत होतो. घरी दोन दिवसांतच सगळी घड्याळं गुपचूप आपापल्या जागी पुढे सरकली. मी तिकडे कानाडोळा केला. आणि मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. 'आपल्या एक जुलैच्या हजेरीची नोंद रद्द करण्यात आली आहे. आपण नमूद केलेली वेळ कार्यालयीन कालमापनात अस्तित्वात नाही. सबब सदर दिवशी आपण विनापरवानगी गैरहजर होता. सात दिवसांत खुलासा करावा.'

गैरहजर! मी! ज्या दिवशी ऊर फुटेस्तोवर धावलो, त्या दिवशी मी आलोच नव्हतो. विनापरवानगी गैरहजर म्हणजे बावीस वर्षांची सलग सेवा खंडित, फोटो तर सोडाच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी साहेबांकडे धावलो. साहेब म्हणाले, "तुम्ही आला होतात याचा पुरावा काय?"

"चिठ्ठी आहे ना! आठची!"

"पण ती वेळ खोटी आहे, असा तुमचाच तीन पानी अर्ज आहे. मी स्वतः मंजूर केलाय."

मी खाली आलो तो डोकं धरूनच बसलो. सव्वाआठांनी विचारलं, मी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'मी त्या दिवशी नेहमीप्रमाणे सव्वाआठ वाजता, म्हणजे पंधरा मिनिटे उशिरा आलो. तेव्हा सदर गृहस्थ हजेरीच्या मशीनशी भांडत होते. सबब ते माझ्या आधी आले होते.' खाली सही केली. स्वतःचा उशीर असा ठळक अक्षरांत लिहून देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि या माणसाला मी बावीस वर्षं नावं ठेवत आलो होतो. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

सोबत माझा दुसरा अर्ज गेला. तो एका ओळीचा होता. 'मी एक जुलै रोजी बरोबर आठ वाजता, म्हणजे उशिरा आलो. कृपया माझा लाल शेरा मला परत मिळावा.' तो मिळवायला तीन टेबलं, दोन शिक्के आणि नाक मुठीत धरून केलेल्या चार फेऱ्या लागल्या. संगणकावरच्या बाईंनी 08:00:00 घातलं, संगणकाने ते निमूट घेतलं, आणि माझ्या नावापुढे लाल ठिपका उमटला. मला इतका आनंद झाला की मी बाईंना पेढे की काय आणायला निघालो होतो. मग आठवलं की हा शेरा आपण बावीस वर्षं टाळत आलो होतो.

वर्धापनदिनाला भिंतीवर फोटो लागला नाही. साहेबांनी चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. घरी आणली. हिने कागद काढला, फोटो पुसला आणि स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावला. माझं मन पार उतरलं होतं. आता लवकर जाऊन तरी काय मिळवायचंय, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुन्या वेळेला, घड्याळात सात पस्तीस झाले की निघायला लागलो.

तिसऱ्या दिवशी कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. सहज मनगटाकडे पाहिलं, सात अठ्ठावन्न. मशीनवर सात चोपन्न.

चार मिनिटं. मशीन पुन्हा मागे पडलं म्हणून मी तिसऱ्या अर्जाचं पहिलं वाक्य जुळवायला लागलो आणि तिथेच थांबलो. मशीन अचूक असल्याचं तंत्रज्ञाने लिहून दिलं होतं. माझं घड्याळ मी स्वतः त्या फोनवरच्या बाईच्या ठोक्याला लावलं होतं. ते परत बरोबर चार मिनिटंच पुढे कसं गेलं? पाच नाही, तीन नाही. आणि मी आंघोळीला गेल्यावर ते घड्याळ कुणाच्या हाताशी असतं?

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ही कणीक मळत होती. मी घड्याळ काढून तिच्यासमोर ठेवलं. "अगं, हे कधीपासून पुढे आहे?"

तिने वर न बघताच सांगितलं, "तुमच्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यापासून. पहिल्या आठवड्यात तीनदा धावत गेलात. एकदा तर चपला वेगवेगळ्या घालून."

"बावीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वजा केली असतीत."

मी स्टुलावर बसलो. समोर भिंतीवर मी होतो, मनगट पुढे करून. बावीस वर्षं ज्या घड्याळाच्या जोरावर मी सगळ्या कार्यालयाला शहाणपण शिकवलं, ते दर महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या नकळत कुणीतरी सांभाळून पुढे करत होतं. तो फोटो हिचा लागायला हवा होता. मी तसं तिला म्हणालोही. तिने पिठाचा हात झटकत म्हटलं, "चला, बाजूला व्हा, तवा ठेवायचाय."

"पण आता पंचाईत झाली ना," मी म्हणालो. "आता मला चार मिनिटांचं कळलंय. आता मी वजा करणार."

"करा की," ती म्हणाली. "पण उद्या ते चारच असेल कशावरून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. मी विचारलं, "आज किती पुढे आहे?"

"बांधा आणि निघा."

मी ते बांधलं आणि निघालो. तेव्हापासून मशीनपाशी पोचलो की मी डोळे मिटतो आणि मगच कार्ड लावतो. दिव्याचा रंग मला पहारेकरी सांगतो.